मेडिकल कोडिंगचा कोर्स अमेरिकेत चालवायचा, तर कुठली मान्यता आधी घ्यायची?

अमेरिकेत नर्सला राज्याचा परवाना लागतो, फार्मसिस्टला लागतो. मेडिकल कोडरला, म्हणजे रुग्णाच्या आजाराला आणि उपचाराला विम्याच्या बिलासाठी ठरावीक कोड लावणाऱ्याला, लागत नाही. म्हणून कोडिंगची कुठली शाळा खरी आणि कुठली नाही हे ठरवणारं एकच एक बोर्डही नाही. सगळा गोंधळ इथून सुरू होतो. ‘आमचा कोर्स मान्यताप्राप्त आहे’ असं कुणी म्हटलं तर त्याचे चार वेगळे अर्थ निघू शकतात. राज्याने शाळा चालवायला परवानगी दिली आहे, व्यावसायिक संघटनेने अभ्यासक्रम मंजूर केला आहे, मानांकन संस्थेने अख्ख्या शाळेला मानांकन दिलं आहे, किंवा फी भरणाऱ्या सरकारी योजनेने कोर्स आपल्या यादीत घेतला आहे. ही चारही कामं वेगवेगळ्या कार्यालयांची आहेत. एक मिळालं म्हणून दुसरं आपोआप मिळत नाही, आणि चारही प्रत्येकाला लागतात असंही नाही.

नवीन शाळा बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतात. जाहिरातीत सगळ्यात वजनदार दिसेल ते मानांकन आधी मागायला जातात, त्यात वर्ष घालवतात, आणि मग कळतं की अर्ज करायलाच दोन वर्षं शाळा चाललेली असावी लागते. क्रम दोन प्रश्नांवरून ठरवा: विद्यार्थी शेवटी कुठल्या परीक्षेला बसणार, आणि त्याची फी कोण भरणार.

परीक्षा कुठली?

एएपीसी या कोडरांच्या व्यावसायिक संघटनेची सीपीसी ही दवाखान्यांच्या आणि डॉक्टरांच्या बाह्यरुग्ण कामासाठी सर्वात जास्त मागितली जाणारी परीक्षा. १०० बहुपर्यायी प्रश्न, चार तास, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के, आणि सीपीटी (उपचार व तपासण्यांचे कोड), आयसीडी-१०-सीएम (आजारांचे) व एचसीपीसीएस लेव्हल टू (साहित्य, औषधं वगैरेंचे) ही कोडची पुस्तकं सोबत न्यायची मुभा. या परीक्षेला बसण्यासाठी मंजूर शाळेतून कोर्स केलेला असण्याची अट नाही. घरी पुस्तकं वाचूनही बसता येतं. म्हणजे ध्येय फक्त सीपीसी असेल, तर शाळेला मानांकन नाही म्हणून विद्यार्थ्याची परीक्षा अडत नाही.

अहिमा या दुसऱ्या व्यावसायिक संघटनेच्या सीसीए आणि सीसीएस या परीक्षाही कोडरसाठीच आहेत. सीसीएसमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांचं कोडिंग येतं, म्हणून आयसीडी-१०-पीसीएस, म्हणजे रुग्णालयातल्या शस्त्रक्रिया-प्रक्रियांचे कोड, शिकवावंच लागतं. सीपीसीमध्ये ते विचारत नाहीत. अभ्यासक्रम आखताना हा फरक विसरला तर पुढे शंभरेक तास इकडून तिकडे हलवावे लागतात, आणि तोवर राज्याकडे जुने तास मंजूर झालेले असतात.

आरएचआयटी आणि आरएचआयए या अहिमाच्याच आरोग्य माहिती व्यवस्थापनाच्या परीक्षांची गोष्ट निराळी. तिथे शाळेची मान्यता ही परीक्षेच्या पात्रतेचीच अट आहे. आरोग्य माहिती व्यवस्थापनाची पदवी ‘कमिशन ऑन अॅक्रेडिटेशन फॉर हेल्थ इन्फर्मेटिक्स अँड इन्फर्मेशन मॅनेजमेंट एज्युकेशन’ म्हणजे कहीमने मानांकन दिलेल्या कार्यक्रमातून घेतलेली हवी. आरएचआयटीला असोसिएट पदवी, आरएचआयएला त्याच्या पुढची. कहीम पदव्यांचं मानांकन करते. सहा-आठ महिन्यांच्या कोडिंग सर्टिफिकेटचं नाही. तुम्ही पदवी देत नसाल तर कहीमचा विचार इथेच सोडा. आणि विद्यार्थ्याला ‘पुढे आरएचआयटी करता येईल’ असं सांगण्याआधी कुठलं कॉलेज तुमचे क्रेडिट धरेल ते लेखी घेऊन ठेवा.

राज्याची परवानगी

ही टाळता येत नाही आणि ही पहिली. कॅलिफोर्नियात ब्युरो फॉर प्रायव्हेट पोस्टसेकंडरी एज्युकेशन, टेक्ससमध्ये टेक्सस वर्कफोर्स कमिशन, न्यूयॉर्कमध्ये ब्युरो ऑफ प्रोप्रायटरी स्कूल सुपरव्हिजन, फ्लोरिडात कमिशन फॉर इंडिपेंडंट एज्युकेशन. प्रत्येकाचे फॉर्म वेगळे, पण मागणी साधारण तीच: शाळेचा कॅटलॉग, प्रवेशाचा करारनामा, फी परत देण्याचं धोरण, शिक्षकांची पात्रता, जागेची कागदपत्रं, आर्थिक पत्रकं आणि बऱ्याच ठिकाणी हमीचा बाँड.

परवानगी हातात येण्याआधी प्रवेश घेऊ नका, फी घेऊ नका, जाहिरातही करू नका. ‘आगाऊ नोंदणी’ म्हणून घेतलेले पैसे हीसुद्धा फीच धरली जाते.

सवलती आहेत, पण त्यांच्या अटी नीट वाचायला हव्यात. कॅलिफोर्नियात एकूण खर्च २,५०० डॉलर किंवा त्याहून कमी असलेले आणि सरकारी विद्यार्थी मदतीचा एकही पैसा न घेणारे कोर्स चालवणाऱ्या संस्थेला ब्युरोच्या मंजुरीतून सूट मिळते. ‘एकूण खर्च’ म्हणजे फक्त शिकवणी नव्हे. पुस्तकं, सॉफ्टवेअर, नोंदणी, जे जे विद्यार्थ्याकडून शाळा घेते ते सगळं. कोडिंगच्या कोर्सला तीन कोडबुकं लागतातच, आणि ती फीमध्ये धरली की मर्यादा कधी ओलांडली जाते कळत नाही. सूट घेतलेल्या शाळेने नंतर सरकारी योजनेतला एक विद्यार्थी घेतला तरी सूट गेली.

कॅलिफोर्नियाच्या मंजुरीखाली असाल तर फी परताव्याचं गणित करारनाम्यातच बसवावं लागतं. पहिल्या वर्गाच्या उपस्थितीपर्यंत किंवा प्रवेशानंतरच्या सातव्या दिवसापर्यंत, यातलं जे नंतरचं असेल, तोवर विद्यार्थी रद्द करू शकतो. त्यानंतर ६० टक्के कोर्स होईपर्यंत सोडणाऱ्याला प्रमाणशीर परतावा. हे आकडे दुसऱ्या राज्यात चालत नाहीत. एका राज्याचा करारनामा उचलून दुसऱ्या राज्यात लावणं हे अर्ज परत येण्याच्या अगदी नेहमीच्या कारणांपैकी एक.

ऑनलाइन कोर्सचा सापळा इथेच असतो. परवानगी शाळा जिथे आहे त्या राज्याचीच नव्हे, विद्यार्थी जिथे बसला आहे त्या राज्याचीही लागते. कॉलेजं यावर ‘सारा’ या राज्याराज्यांतल्या कराराचा आधार घेतात. पण सारामध्ये पदवी देणाऱ्या, मानांकन असलेल्या संस्थाच येऊ शकतात. फक्त सर्टिफिकेट देणाऱ्या कोडिंग शाळेला तो दरवाजा बंद आहे. तिला प्रत्येक राज्याकडे स्वतंत्रपणे मंजुरी किंवा सूट मागावी लागते. म्हणून सुरुवातीला दोन-तीन राज्यं निवडा, प्रवेशाच्या फॉर्ममध्ये राहत्या पत्त्याचं राज्य सक्तीचं ठेवा आणि बाकीच्यांना नम्रपणे नाही म्हणा. देशभर प्रवेश खुला आहे असं लिहून टाकणं सोपं असतं. दुसऱ्या राज्याची नोटीस आल्यावर परतावे देणं सोपं नसतं.

एएपीसी की अहिमा?

व्यावसायिक संघटनेची मंजुरी ही सर्टिफिकेट कोर्ससाठी सर्वात उपयोगी आणि तुलनेने लवकर मिळणारी गोष्ट. पण दोन्ही संघटनांचा मार्ग वेगळा आहे.

एएपीसी आपला तयार अभ्यासक्रम शाळांना परवान्यावर देते आणि तो शिकवणारा शिक्षक एएपीसीच्या निकषांवर मंजूर झालेला असावा लागतो. फायदा उघड आहे: धडे, सराव, परीक्षेची धाटणी सगळं जुळलेलं मिळतं. तोटा असा की मंजुरी शिक्षकाच्या पायावर उभी असते. तो शिक्षक सोडून गेला की पुढची बॅच अडकते. निदान दोन शिक्षक मंजूर करून ठेवा, दुसरा अर्धवेळ असला तरी चालेल.

अहिमाचा मार्ग म्हणजे पीकॅप, सर्टिफिकेट कार्यक्रमांना मंजुरी देणारी योजना. इथे अभ्यासक्रम तुमचा असतो. तो अहिमाच्या क्षमता-यादीशी जुळतो हे तुम्ही दाखवायचं. याचं खरं काम एका मोठ्या तक्त्यात आहे. डावीकडे एकेक क्षमता, उजवीकडे ती कुठल्या विषयात, कुठल्या आठवड्यात, कुठल्या परीक्षेने तपासली जाते. बहुतेकांचा तक्ता शेवटच्या रकान्यात फसतो. ‘व्याख्यानात घेतलं’ हा पुरावा नाही. विद्यार्थ्याने काय करून दाखवलं आणि तुम्ही ते कसं मोजलं, हा पुरावा. सरावाचा भागही खरा हवा: पूर्ण रुग्णनोंदी वाचून कोड लावणं, दोन ओळींची उदाहरणं नव्हेत.

लहान, बाह्यरुग्ण कोडिंगवर भर देणारी शाळा असेल तर एएपीसी घ्यावं. रुग्णालयांशी आधीच संबंध असलेलं कॉलेज असेल तर अहिमा. दोन्ही पहिल्याच वर्षी घ्यायला जाऊ नये. दोन वेगळ्या क्षमता-याद्या एका अभ्यासक्रमात कोंबल्या की तास फुगतात आणि विद्यार्थी गळतात.

नॅशनल हेल्थकरिअर असोसिएशनची सीबीसीएस ही बिलिंग-कोडिंगची परीक्षा एनसीसीएने मानांकित केलेली आहे, असं बऱ्याच शाळा माहितीपत्रकात लिहितात. ते खरं आहे, पण ते मानांकन परीक्षेचं आहे, शाळेचं नाही. एनसीसीए परीक्षा घेणाऱ्यांना तपासते, शिकवणाऱ्यांना नाही. या दोन गोष्टी एका वाक्यात मिसळल्या तर राज्याचा तपासनीस ते दिशाभूल म्हणून नोंदवू शकतो.

आणखी एक परवानगी जवळपास सगळेच विसरतात. सीपीटी कोडचा हक्क अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे आहे. विद्यार्थ्याने स्वतःचं सीपीटी पुस्तक विकत घेतलं तर प्रश्न नाही. पण तुम्ही सीपीटीची वर्णनं तुमच्या स्लाइडमध्ये, प्रश्नसंचात किंवा ऑनलाइन वर्गात टाकत असाल तर असोसिएशनचा परवाना लागतो. आयसीडी-१०-सीएम सरकारी आहे, त्याला हा अडथळा नाही.

अख्ख्या शाळेचं मानांकन

याची गरज मुख्यतः एकाच कारणासाठी पडते: केंद्र सरकारची विद्यार्थी मदत, म्हणजे टायटल फोरचे पेल अनुदान आणि कर्जं. रुग्णालयाचा कोडिंग व्यवस्थापक उमेदवाराची सीपीसी किंवा सीसीएस बघतो, अनुभव बघतो. शाळेला मानांकन कुणी दिलं हे तो क्वचितच विचारतो. तेव्हा ‘नोकरीसाठी मानांकन हवं’ हे कारण पुढे करून हा खर्च उचलू नका.

आरोग्य शाळांसाठी एबीएचईएस, करिअर शाळांसाठी एसीसीएससी, दूरशिक्षणासाठी डीईएसी ही नेहमीची नावं. प्रक्रिया सगळीकडे एकाच वळणाची: अर्ज, कार्यशाळा, स्व-मूल्यांकन अहवाल, प्रत्यक्ष भेट, भेटीच्या अहवालाला उत्तर, आणि मग आयोगाचा निर्णय. दीड-दोन वर्षं धरून चला. अहवाल लिहिणाऱ्या माणसाला त्या काळात पूर्ण वर्ग देऊ नका.

निवडण्याआधी ती मानांकन संस्था स्वतः अमेरिकेच्या शिक्षण खात्याने मान्य केलेली आहे का ते तपासा. खात्याच्या डॅपिप या नोंदवहीत ते दिसतं. हे औपचारिकतेपुरतं नाही. एसीआयसीएस या मोठ्या मानांकन संस्थेची मान्यता २०१६ मध्ये गेली, २०१८ मध्ये परत आली, आणि २०२२ मध्ये कायमची गेली. तिच्या शाळांना नवं मानांकन शोधायला १८ महिने मिळाले. स्वस्त आणि झटपट मानांकन विकणाऱ्या, नावात ‘आंतरराष्ट्रीय’ लावणाऱ्या संस्था तर कुठल्याच यादीत नसतात. पूर्वी ‘प्रादेशिक’ आणि ‘राष्ट्रीय’ असा भेद होता. केंद्राच्या नियमांतून तो २०२० मध्ये गेला, पण क्रेडिट घेताना कॉलेजं अजूनही तसाच विचार करतात. विद्यार्थ्यांना क्रेडिट पुढे नेता येतील असं आश्वासन मानांकनाच्या बळावर देऊ नका.

टायटल फोरसाठी मानांकनापलीकडेही अटी आहेत. सर्टिफिकेट कोर्स साधारणपणे निदान १५ आठवडे आणि ६०० तासांचा, किंवा १६ सेमिस्टर क्रेडिटचा लागतो. ३०० ते ५९९ तासांच्या कोर्सला दहा आठवडे, एक वर्ष चालल्याचा पुरावा, ७० टक्के पूर्णता आणि ७० टक्के नोकऱ्या दाखवल्या तर फक्त कर्ज मिळतं, अनुदान नाही. २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून १५० ते ५९९ तासांच्या, ८ ते १५ आठवड्यांच्या आतल्या कोर्सना वर्कफोर्स पेलची वाट उघडली. पण त्यासाठी राज्याच्या गव्हर्नरची मंजुरी आणि पुन्हा तेच ७०-७० टक्के. आणि शाळेला मान्य मानांकन हवंच.

मानांकनाशिवायचे पैसे

लहान शाळेने बघावी ती जागा म्हणजे ईटीपीएल, राज्याच्या रोजगार मंडळाची पात्र प्रशिक्षणसंस्थांची यादी. नोकरी गेलेल्यांची किंवा कमी उत्पन्नवाल्यांची फी इथून डब्ल्यूआयओए या केंद्राच्या रोजगार-प्रशिक्षण कायद्याच्या पैशातून भरली जाते. सुरुवातीची पात्रता एका वर्षाची, नंतर निदान दर दोन वर्षांनी नूतनीकरण. निकष राज्यागणिक बदलतात. मोजणी मात्र सगळीकडे तशीच: कोर्स सोडल्यानंतरच्या दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत नोकरी, दुसऱ्या तिमाहीचं मध्यक (मधल्या क्रमाचं) उत्पन्न, आणि मान्य प्रमाणपत्र मिळालं का. शाळेचं स्वतःचं ‘पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र’ इथे सहसा धरलं जात नाही; सीपीसी धरलं जातं. म्हणून परीक्षेची फी कोर्सच्या फीमध्येच धरा आणि परीक्षेची तारीख कोर्स संपायच्या आधी घ्या. नाहीतर बरेच विद्यार्थी ‘अजून तयारी करतोय’ म्हणत परीक्षेलाच बसत नाहीत.

माजी सैनिकांसाठीच्या जीआय बिल या शिक्षण-मदतीला राज्याची स्टेट अप्रूव्हिंग एजन्सी मंजुरी देते. मानांकन नसलेल्या शाळेला इथेही दोन वर्षं चालल्याचा नियम लागतो, आणि एका कोर्समधले ८५ टक्क्यांहून जास्त विद्यार्थी या पैशावरचे चालत नाहीत. मंजुरी नसेल तरी परीक्षेच्या फीसाठी विद्यार्थी स्वतंत्रपणे दावा करू शकतो; एका परीक्षेला २,००० डॉलरपर्यंत मिळतात. हे विद्यार्थ्याला सांगा, कारण शाळा सहसा सांगत नाहीत.

तासांचा हिशोब

अर्ज परत येण्याचं सर्वात साधं कारण: वेगवेगळ्या कागदांवर तास वेगवेगळे. एक हिशोब घेऊ. वैद्यकीय परिभाषा ६०, शरीररचना व शरीरक्रिया ९०, रोगशास्त्र व औषधं ७५, आयसीडी-१०-सीएम १२०, सीपीटी व एचसीपीसीएस १२०, आयसीडी-१०-पीसीएस ७५, विमा परतावा व रुग्णमाहितीच्या गोपनीयतेचा हिपा कायदा ६०, बिलिंग सॉफ्टवेअर ४०, नोंदींवर सराव ८०. एकूण ७२०, आठवड्याला २४ तास तर ३० आठवडे. हाच आकडा कॅटलॉगमध्ये, करारनाम्यात, वेळापत्रकात, ईटीपीएलच्या अर्जात आणि संकेतस्थळावर हवा. वेळापत्रकात सुट्ट्यांचे दिवस वजा करायचे राहिले की २४ गुणिले ३० हे कागदावरच राहतं, आणि तपासनीस कॅलेंडर घेऊनच बसतो.

तासांसारखाच एक आकडा म्हणजे कोर्सचा सीआयपी क्रमांक, शिक्षण खात्याच्या अभ्यासक्रम-वर्गीकरणातला. कोडरसाठी ५१.०७१३, बिलरसाठी ५१.०७१४, आरोग्य नोंदी तंत्रज्ञानासाठी ५१.०७०७. राज्याकडे एक आणि मानांकन संस्थेकडे दुसरा गेला तर तुमचे नोकरीचे आकडे दोन वेगळ्या कोर्सचे दिसतात.

अभ्यासक्रम बदलाचं कॅलेंडरही अर्जातच लिहा: आयसीडी १ ऑक्टोबरला, त्यात लहान भर १ एप्रिलला, सीपीटी १ जानेवारीला, एचसीपीसीएस तिमाहीला. भेटीला आलेला माणूस कोडिंगचा असेल तर कपाटातल्या पुस्तकांचं वर्ष आधी बघतो. २०२३ च्या ई/एम (डॉक्टरांच्या तपासणी-भेटींचे कोड) बदलांआधीच्या स्लाइड वर्गात दिसल्या तर बाकीचं चांगलं असूनही शेरा येतो. ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन मेमध्ये संपणाऱ्या बॅचला मध्येच सीपीटीचं पुस्तक बदलावं लागतं; ते कुणाच्या पैशाने, हे करारनाम्यात लिहिलेलं असावं.

नोकऱ्यांचे आकडे

इथे कोडिंगच्या शाळा सगळ्यात जास्त अडकतात. एबीएचईएसची रेषा विद्यार्थी कोर्समध्ये टिकून राहण्याला ७० टक्के, नोकरीलाही ७० टक्के. सीपीसी उत्तीर्ण झालेल्या नव्या माणसाच्या नावापुढे ‘ए’ म्हणजे अप्रेंटिस लागतो आणि बऱ्याच जाहिराती दोन वर्षांचा अनुभव मागतात. पहिली नोकरी म्हणून मिळतं ते बिलिंग, नाकारलेले दावे, विमा पडताळणी किंवा नोंदी विभागातलं काम. ते ‘क्षेत्रातलं’ धरलं जाईल का हे नोकरीच्या नावावर नाही, कामाच्या वर्णनावर ठरतं. म्हणून नोकरी लागल्याच्या आठवड्यातच मालकाकडून सही घ्या: पदाचं नाव, रुजू झाल्याची तारीख, आठवड्याचे तास, आणि कोर्समधली कुठली कौशल्यं रोज वापरली जातात याच्या दोन ओळी. वर्षाने फोन केला तर व्यवस्थापक बदललेला असतो आणि ती नोकरी तुमच्या आकड्यातून वजा होते. रिसेप्शनवर फोन घेणाऱ्याला ‘क्षेत्रातली नोकरी’ म्हणून दाखवू नका. फाइलींची फेरतपासणी करणारे नेमक्या याच फाइली काढतात.

मंजुरी मिळाल्यावरही कोर्स ऑनलाइन नेणं, तास बदलणं, जागा बदलणं किंवा मालकी बदलणं यासाठी आधी विचारावं लागतं, नंतर कळवून चालत नाही. आणि जाहिरातीत शब्द जपून वापरा. राज्याच्या परवानगीला ‘मानांकन’ म्हणू नका, ‘मानांकनाची प्रक्रिया सुरू’ असंही लिहू नका. त्या संस्थेने लेखी परवानगी देऊन ठरवलेलं वाक्य असेल तर तेच, शब्दही न बदलता.